टाकीतला मत्स्यन्याय

शेजारच्या अज्जींनी बादलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाप!" कन्नडमध्ये याचा अर्थ इतकाच की, बिचारा. आनेकलला येऊन अकरा वर्षं झाली, कन्नडमधून मराठीत पुस्तकं आणून झाली, तरी हा शब्द ऐकला की माझ्यातलं मराठी आधी दचकतं. कुणाचं पाप? बादलीत एक पिवळा मासा कुशीवर कलंडून श्वास घेत होता. शेपटी निम्मी फाटलेली, पाठीवरचे खवले गेलेले आणि त्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी धरू लागलेली.

तीन फुटी टाकी लेकीच्या हट्टानं आली. दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. बोअरचं म्हटल्यावर तो खूश झाला. जड पाण्याला आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे मासे उत्तम, म्हणाला, आणि त्यात तो खोटं बोलला नाही. त्या सरोवराचं पाणी क्षारयुक्तच असतं. तिथे हे मासे खडकांवरचं शेवाळ खातात आणि नर आपापला खडक राखतात. दुसरा नर आला की त्याला हाकलतात. हरलेला पंख मिटतो, फिका पडतो, निघून जातो. भांडण तिथेच संपतं, कारण जायला जागा असते. माझ्या टाकीत निळ्यानं एक दगड धरला आणि पिवळ्याला हाकलायला सुरुवात केली. पिवळा गेला, म्हणजे तीन फूट गेला, आणि काचेला लागला. निळ्याच्या लेखी तो अजून गेलेलाच नव्हता.

अशा वेळी आपल्याला पटकन 'मत्स्यन्याय' आठवतो. शांतिपर्वात तो आहे, अर्थशास्त्रात आहे. (अर्थशास्त्राची पोथी आमच्या शेजारच्या म्हैसूरलाच आर. शामशास्त्रींच्या हाती लागली आणि 1909 साली छापून आली.) दंड धारण करणारा कुणी नसला की मोठा मासा लहान माशाला गिळतो, म्हणून राजा हवा. यातला 'न्याय' हा इन्साफ नव्हे, तो काकतालीय न्यायातला न्याय, म्हणजे दृष्टान्त. मराठी कान तिथेही फसतो. पण मला खटकलं ते वेगळंच. निळा पिवळ्याला खात नव्हता, दोघं जवळजवळ एकाच मापाचे. कोनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञानं 1963च्या पुस्तकात हाच भेद केला: भक्ष्य मारणं वेगळं, आपल्यासारख्यावर धावून जाणं वेगळं. त्या पुस्तकाचं जर्मन नाव शब्दशः 'तथाकथित वाईट' असं आहे. इंग्रजीत ते नुसतं आक्रमकतेवरचं पुस्तक झालं आणि 'तथाकथित' ही शंका वाटेत गळली. अनुवादात असं होतं. माझ्याही हातून झालंय.

दुसरी गोष्ट अशी की, माझ्या टाकीत राजा होता. मीच. दंड माझ्या हातात, हद्द मी आखलेली, प्रजा मी विकत आणलेली. जिथे कुणी राजा नाही त्या सरोवरात हरलेला वाचतो. माझ्या राज्यात तो मरणार होता.

लेकीनं शिक्षा सुचवली. निळा आठवडाभर टबात गेला. दरम्यान आम्ही सगळे दगड हलवले, म्हणजे तो परत आला की त्याचा दगड कुठेच नसावा. ही युक्ती बरेच जण करतात. तिसऱ्या दिवशी लेकच म्हणाली, "आई, पण त्याला कळतंय का, का ठेवलंय ते?" अज्जी म्हणाल्या, केरेत सोडून द्या. तेही करता येत नाही. बाहेरून आलेल्या तिलापियानं इथल्या तळ्यांत काय केलंय ते दिसतंच.

दुकानदाराचा उपाय मात्र अजून डोक्यातून जात नाही. "मॅडम, आणखी बारा टाका. मार वाटला जातो." हे खरं आहे. गर्दी वाढली की दांडग्याला एकावरच डूख धरता येत नाही. प्रत्येकाला थोडं लागतं, मरत कुणी नाही. फिल्टर मोठा लावायचा, पाणी वरचेवर बदलायचं. हिशेब बिनतोड आहे. नवी सून आली की जुनीचा जाच हलका होतो, हाही हिशेबच. मी नको म्हटलं. चावे खाण्यासाठी म्हणून बारा जीव विकत आणणं मला जमेना.

पण या नकाराची किंमत मी दिली नाही, पिवळ्यानं दिली. निळा टबातून परतला आणि दोन दिवसांत नवा दगड धरून पुन्हा त्याच्यावर धावला. बारा मासे असते तर कदाचित त्याला ती बादली पाहावी लागली नसती. माझे हात स्वच्छ राहिले, एवढंच. त्यांच्या स्वच्छतेशी पिवळ्याचा काय संबंध?

बादलीत मीठ टाकलं, हवेची नळी सोडली, रोज अर्धं पाणी बदललं. बुरशी गेली. शेपटीला आधी पारदर्शक, मग फिकट पिवळी कड फुटली. टाकीच्या मधोमध काच बसवून घेतली आहे. आता दोघांना दीड-दीड फूट. निळा दिवसभर त्या काचेसमोर पंख ताठ करून उभा असतो. पिवळ्याच्या बाजूला आता कुणीही नाही, तरी तो फिल्टरच्या मागेच असतो. सकाळी दाणे टाकताना लेक विचारते, आधी कुणाला? मी बहुतेक वेळा निळ्याच्या बाजूला आधी टाकते, म्हणजे तो काचेपासून जरा हटतो आणि पिवळा बाहेर येतो.