पिकल्या गळ्यातला ब्लूज

रायन कूगलर यांच्या 'सिनर्स' (2025) या चित्रपटात श्रेयनामावली सुरू झाल्यावर एक प्रसंग येतो. साल 1992, जागा शिकागोतला एक ब्लूज क्लब. म्हातारा सॅमी मूर कार्यक्रम संपवून बसला आहे आणि साठ वर्षांपूर्वीच्या एका भीषण रात्रीचे दोन साक्षीदार त्याच्यासमोर येऊन उभे राहतात. ते रक्तपिपासू झालेले असल्याने त्यांचं वय एका दिवसानंही वाढलेलं नाही. त्यांतला एक सांगतो की सॅमीच्या सगळ्या तबकड्या त्यानं जमवल्या आहेत, पण हे इलेक्ट्रिक गिटारचं प्रकरण त्याला तितकंसं रुचत नाही; खरं होतं ते जुनं. मग तो सॅमीला अमर करण्याची तयारी दाखवतो. सॅमी नकार देतो.

म्हाताऱ्या सॅमीची भूमिका शिकागोचे ब्लूज वादक बडी गाय यांनी केली आहे. चित्रपट आला तेव्हा ते 88 वर्षांचे होते.

ज्याचं वय थांबलं आहे त्यालाच जुना सूर हवा असावा, हे कूगलर यांनी फार नेमकं पकडलं आहे. तबकडीही तशीच असते. 1930 ची तबकडी 1930 मध्येच राहते, तिच्यातला गवई कधी थकत नाही, त्याला गुडघेदुखी होत नाही, त्याची बायको मरत नाही. प्रत्यक्षातला गवई मात्र पुढे जगत राहतो. सत्तरीत तो पुन्हा माइकसमोर बसला की रसिक मनातल्या मनात दोन आवाज शेजारी ठेवून पाहतात आणि विचारतात: ती तळमळ अजून आहे का?

वरकरणी हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो, पण त्याच्या तळाशी बराच जुना वाद आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या सुरुवातीलाच म्हातारा केफालस नाटककार सोफोक्लीसची आठवण सांगतो. वासनेबद्दल विचारल्यावर सोफोक्लीसनं, एखाद्या माथेफिरू धन्याच्या तावडीतून सुटल्यासारखं वाटतं, अशा अर्थाचं उत्तर दिलं होतं. म्हणजे आवेग हा तारुण्याचा जुलूम आणि म्हातारपण ही सुटका. हे खरं मानलं तर सत्तरीतल्या माणसाचा ब्लूज हा सुटका झालेल्या कैद्यानं केलेला तुरुंगाचा अभिनय ठरतो. आपल्याकडच्या रसचर्चेला याची अडचण वाटणार नाही. अभिनवगुप्तांनी रसाचं ठिकाण रसिकात मानलं. नटाला दुःख होतंय की नाही हा मुद्दाच तिथे गौण आहे. ब्लूजचा श्रोता मात्र एवढ्यावर भागवून घेत नाही. समोरच्या माणसानं हे सोसलेलं आहे, हा त्याच्या ऐकण्याचाच भाग असतो.

या वादाची खरी परीक्षा सन हाउस यांच्या आयुष्यात झाली.

हाउस यांचा जन्म 1902 चा, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळचा. विशीत ते चर्चमध्ये उपदेश करत आणि गिटार हातात धरणंसुद्धा पाप मानत. पंचविशीच्या आसपास एका गिटारवर सरकणाऱ्या स्लाइडचा आवाज त्यांच्या कानी पडला आणि ते त्यात ओढले गेले. पुढे गोळीबारात एक माणूस त्यांच्या हातून मारला गेला. पार्चमनच्या कुप्रसिद्ध तुरुंग-शेतावर त्यांनी शिक्षा भोगली. 1930 मध्ये चार्ली पॅटन यांच्याबरोबर विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला जाऊन त्यांनी पॅरामाउंट कंपनीसाठी तबकड्या केल्या. त्यांतली 'प्रीचिन द ब्लूज' म्हणजे धर्मोपदेशकांवर ओढलेला कोरडा, आणि तो ओढणारा स्वतः उपदेशक होता. तबकड्या फारशा खपल्या नाहीत. 1941 आणि 1942 मध्ये ॲलन लोमॅक्स यांनी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी त्यांना पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. 1943 मध्ये हाउस उत्तरेला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेले, रेल्वेत नोकरीला लागले आणि वाजवणं सुटलं.

जून 1964 मध्ये निक पर्ल्स, डिक वॉटरमन आणि फिल स्पायरो हे तीन गोरे तरुण त्यांना शोधत मिसिसिपीत फिरले. तो उन्हाळा साधा नव्हता. कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी झटणाऱ्या तीन कार्यकर्त्यांचा त्याच महिन्यात त्याच राज्यात खून झाला. शोध घेणाऱ्यांना अखेर कळलं की हाउस दक्षिणेत नाहीतच, रॉचेस्टरला आहेत. ते तिथे पोहोचले तेव्हा 62 वर्षांच्या हाउस यांच्याकडे गिटार नव्हती, हात थरथरत होते आणि स्वतःची गाणी त्यांना नीट आठवत नव्हती.

मग बॉस्टनकडच्या ब्लूजवेड्यांतला विशीचा ॲलन विल्सन पुढे आला. हाच पुढे 'कॅन्ड हीट' या बँडमुळे नावारूपाला आला. तो हाउस यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा भिडवून बसला. 1930 मध्ये तुम्ही हे असं वाजवलं होतं, म्हणून त्यानं ती जागा वाजवून दाखवली. लोमॅक्स आले तेव्हा तुम्ही ते असं बदललंत, म्हणून ती दुसरी. हाउस ऐकत, ओळखत, आणि हळूहळू बोटं वळू लागत. सन हाउस कसे वाजवतात हे सन हाउस यांना ॲलन विल्सननं शिकवलं, असं वॉटरमन पुढे सांगत.

एप्रिल 1965 मध्ये कोलंबिया कंपनीनं निर्माते जॉन हॅमंड यांच्या देखरेखीखाली न्यूयॉर्कमध्ये 'फादर ऑफ फोक ब्लूज' ध्वनिमुद्रित केली. आता या तबकडीतली तळमळ कोणाची म्हणायची? हाउस यांची, की जुन्या तबकड्या घोटून पाठ केलेल्या एका मुलाची? तळमळ म्हणजे आठवण असती, तर उत्तर अवघड होतं. प्रत्यक्षात 'डेथ लेटर' ऐकलं की प्रश्नाचा रोखच बदलतो. प्रेयसी गेल्याचं पत्र येतं, तो धावत जातो, तिला फळीवर निजवलेलं पाहतो, मूठमाती देतो, आणि घरी परतल्यावर मगच काय गमावलं ते त्याला कळतं. हे गाणं 1930 च्या 'माय ब्लॅक मामा'मधून वाढलेलं आहे. पोलादी अंगाच्या गिटारवर उजवा हात तारा छेडत नाही, त्यांच्यावर झडप घालतो. सफाई कमी झाली आहे, एखादी तार नको तिथे झणझणते. पण तिशीच्या आतल्या गवयाच्या आवाजात जो रुबाब होता तो इथे गळून पडला आहे आणि पत्र हातात धरलेला माणूस उरला आहे. विल्सननं बोटांच्या जागा परत दिल्या. जागा भरायला लागणारं द्रव्य त्याच्याकडे असणं शक्यच नव्हतं. ते रॉचेस्टरच्या वीस मूक वर्षांत साचलं होतं.

त्याच तबकडीवर 'जॉन द रेव्हलेटर' आहे. गिटार बाजूला ठेवलेली, फक्त टाळ्या आणि गळा. गाणं थेट चर्चमधलं. या एका तबकडीवर हाउस यांच्या आयुष्याचा न मिटलेला खटला चालू आहे. देव आणि ब्लूज यांपैकी एकाची निवड त्यांना कधीच करता आली नाही. म्हातारपणी मैफिलीत दोन गाण्यांच्या मध्ये ते उपदेशकासारखे बोलू लागत. चर्चमधल्या कित्येकांच्या लेखी ब्लूज हे सैतानाचं संगीत होतं. धर्मचिंतक जेम्स कोन यांनी 'द स्पिरिच्युअल्स अँड द ब्लूज' (1972) या पुस्तकात नेमकं उलटं मांडलं: दोन्ही एकाच सोसण्यातून आली, आणि ब्लूज म्हणजे ऐहिक स्पिरिच्युअलच. कोन यांचं म्हणणं पटतं, पण हाउस यांना ते इतकं सहज पटलं असतं असं वाटत नाही. पटलं असतं तर कदाचित 1965 ची तबकडी इतकी जळजळीत झाली नसती. थिओडोर अडोर्नो यांनी बेथोव्हनच्या उत्तरायुष्यातल्या रचनांबद्दल लिहिताना समेटाऐवजी तडे दाखवले होते; एडवर्ड सईद यांनी तो धागा पुढे नेला. ब्लूजला हे निरीक्षण जास्तच लागू पडतं. गवयाचं कशाशी तरी भांडण उरलं असेल तोवर वय आड येत नाही.

स्किप जेम्स यांची कथा 1964 च्याच उन्हाळ्यातली, पण तिचा रंग वेगळा. बेंटोनियाच्या जेम्स यांनी 1931 मध्ये ग्राफ्टनलाच 18 गाणी ध्वनिमुद्रित केली आणि मग तेही धर्मोपदेशक झाले. 1964 मध्ये जॉन फेही आणि त्यांचे दोन मित्र त्यांच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा ते ट्युनिका इथल्या इस्पितळात होते. जेम्स यांची उत्तरकाळातली 'आय ॲम सो ग्लॅड' 1931 च्या वेगापुढे संथ आहे, हे मान्य करावं लागतं. तरुणपणीच्या बोटांची ती पळापळ परत आली नाही. मात्र त्यांनी नवी गाणी बांधली आणि त्यांचा विषय होता आजारपण. वॉशिंग्टनच्या इस्पितळावर त्यांनी लिहिलेलं गाणं 1931 च्या जेम्सना लिहिता आलंच नसतं. कर्करोग शरीरात असताना तो उंच, झिरझिरीत आवाज आणि मायनर सुरात लावलेल्या गिटारचा गारठा अंगावर येतो. 1966 मध्ये 'क्रीम'नं 'आय ॲम सो ग्लॅड' गायलं, त्याचं मानधन त्यांना मिळालं. 1969 मध्ये ते गेले.

मग उत्तरकाळातल्या इतक्या तबकड्या फिक्या का वाटतात? दोष बहुतेकदा म्हाताऱ्याचा नसतो, त्याच्याभोवती उभ्या केलेल्या आराशीचा असतो. 1968 मध्ये चेस कंपनीनं मडी वॉटर्स यांना सायकेडेलिक रॉकच्या गोंगाटात बसवून 'इलेक्ट्रिक मड' काढली. खुद्द वॉटर्स यांनी ती नंतर नावाजली नाही. जॉन ली हूकर यांची 'द हीलर' (1989) गाजली, ग्रॅमीही मिळालं, आणि बॉनी रेट यांच्याबरोबर त्यांनी 1951 चं 'आय ॲम इन द मूड' पुन्हा गायलं ते खरोखर उत्कट आहे. पण हूकर यांची खरी ताकद एकट्यानं, पाय आपटत, मनाला येईल तिथे ओळ मोडण्यात होती. पाहुण्यांचा ताफा जमला की त्यांना सगळ्यांच्या मापानं चालावं लागतं. त्यात तळमळ विझत नाही, तिला जागा कमी पडते.

उलट उदाहरणही मडी वॉटर्स यांचंच. 1977 ची 'हार्ड अगेन'. निर्माता जॉनी विंटर वयानं अर्धा आणि वॉटर्स यांच्या गाण्यांवर वाढलेला. त्यानं सगळ्या वादकांना एका खोलीत बसवलं, हार्मोनिकावर जेम्स कॉटन, पियानोवर पाइनटॉप पर्किन्स, आणि गाणं सलग वाजू दिलं. 'मॅनिश बॉय' 1955 चं, पुरुषी बढाईचं. साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडी ते हास्यास्पद व्हायला हवं होतं, आणि तसं होत नाही. पहिल्या हुंकारापासून खोलीतली माणसं आरोळ्या देतात, वॉटर्स प्रत्येक शब्द चघळून सोडतात. 1955 मध्ये ती बढाई होती, 1977 मध्ये ती साक्ष झाली आहे.

गाय यांची 'स्वीट टी' (2001) याच जातकुळीतली. शिकागोच्या या झगमगत्या वादकाला मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला नेऊन ज्युनियर किम्ब्रो यांच्या डोंगराळ भागातल्या ब्लूजपुढे बसवण्यात आलं. पहिलंच गाणं किम्ब्रो यांचं, म्हातारपणाची कबुली देणारं: एक अकूस्टिक गिटार आणि जवळजवळ पुटपुटणारा आवाज. ते संपतं आणि पुढच्याच गाण्यात इलेक्ट्रिक गिटार भिंती हादरवते. दोन्ही एकाच माणसाचं, दोन्ही खरं. मुंबईकरांनी हा माणूस वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 च्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये ऐकला, आणि 2023 मध्ये निरोपाच्या दौऱ्यावर पुन्हा ऐकला, वयाच्या 86 व्या वर्षी.

राहिले बी. बी. किंग, आणि त्यांच्यापाशी हा प्रश्न सर्वांत अवघड होतो. किंग यांना गिटारची ओढ लागली ती आर्ची फेअर या चर्चमधल्या उपदेशकामुळे. पुढे इंडियानोलाच्या रस्त्यावर बसून वाजवताना भक्तिगीताला शाबासकी मिळते आणि ब्लूजला पैसे, हे त्यांनी पाहिलं. ही गोष्ट ते आयुष्यभर सांगत. 1956 या एका वर्षात त्यांनी 342 कार्यक्रम केले. इतक्या वेळा गायलेलं दुःख सवय होत नाही का? 2008 मध्ये टी बोन बर्नेट यांनी केलेली 'वन काइंड फेवर' ऐकताना तसं वाटत नाही. सुरुवात ब्लाइंड लेमन जेफरसन यांच्या गाण्यानं, ज्यात गाणारा आपली कबर स्वच्छ ठेवण्याची विनंती करतो. जेफरसन स्वतः 1929 मध्ये गेले आणि टेक्ससमध्ये त्यांच्या कबरीला 1967 पर्यंत नावाची पाटी नव्हती. 82 वर्षांचे किंग तो विषय घाबरून गात नाहीत आणि शांतपणेही गात नाहीत. आवाज जाड झाला आहे, गिटारचे सूर मोजके, पण प्रत्येक सुराला तो प्रसिद्ध कंप आहे आणि दोन सुरांमधली वाट पाहणं 1964 च्या 'लाइव्ह ॲट द रीगल'पेक्षा लांबलं आहे.

सहा वर्षांनी, एप्रिल 2014 मध्ये, सेंट लुइसच्या मैफिलीत हेच किंग भरकटले. बराच वेळ ते प्रेक्षकांकडून एकच सोपं गाणं म्हणवून घेत राहिले, लोक उठून गेले, काहींनी ओरडून वाजवा असं सुनावलं. मधुमेहाशी त्यांची झुंज जुनीच होती. तरी त्यांनी दौरा थांबवला नाही. ऑक्टोबरमध्ये शिकागोत मंचावरच ते आजारी पडले तेव्हा उरलेले कार्यक्रम रद्द झाले. ती न थांबणारी धाव तळमळ होती की फक्त सवय, याचा निवाडा तबकडीवरून करता येतो, त्या रात्रीवरून नाही. आणि सेंट लुइसच्या त्या प्रेक्षकांनी तिकीट तबकडीतल्या किंगचं काढलं होतं.