अवर्षणात मंदिराच्या बागेस पाणी घालावे काय?

आमचा देवरीकडील मुलूख धानाचा व तलावांचा आहे. ज्यांस लोक मामा तलाव म्हणतात, ते जुने मालगुजारी तलाव गोंदिया जिल्ह्यात अद्याप पुष्कळ आहेत. तथापि पावसाने ओढ दिली की तलाव आटतात, विहिरींचा तळ दिसू लागतो, आणि मंडळीपुढे प्रश्न उभा राहतो: उपासनामंदिरापुढील बाग व हिरवळ ही प्रभूच्या घराची शोभा आहे, तिला पाणी घालावे की न घालावे?

कोणी म्हणतील, देवाने आदामास बागेत ठेविले ते तिची मशागत व राखण करावयास. मग बाग वाळू देणे हा आळस नव्हे काय? हा आक्षेप क्षुल्लक नाही. परंतु राजे यांच्या पहिल्या पुस्तकातील अहाबाची गोष्ट आठवा. शोमरोनात भारी दुष्काळ असता, आपले घोडे व खेचरे जगावी म्हणून तो राजा गवत शोधीत फिरला. त्याचाच कारभारी ओबद्या याने मात्र १०० संदेष्ट्यांस गुहांत लपवून अन्नपाणी पुरविले होते. टंचाईत मनुष्य कोणाची चिंता आधी वाहतो, यावरून त्याचे अंतःकरण कळते.

इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच एप्रिल महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा हुकूम केला; कारण मैदाने राखण्यास पुष्कळ पाणी लागत होते. आमचे अंगण लहान आहे, पण न्याय तोच.

आता वनस्पतींचा स्वभाव पाहा. हरळी पिवळी पडली तरी जमिनीखाली तिचा जीव राहतो, व पावसासरशी ती पुन्हा फुटते. आंब्याचे कोवळे रोप मात्र एकदा मेले की उठत नाही. म्हणून आधी माणसे, मग गुरे, मग रोपे, आणि सर्वांशेवटी हिरवळ, असा क्रम धरावा. रोपांसही तांदूळ व भाजी धुतलेले पाणी सायंकाळी मुळाशी घालावे, आणि बुडाशी धानाचे तणस पसरावे, म्हणजे ओल टिकते. अशाने राखणही होते व विहिरीवर भारही पडत नाही.

आपल्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांस गावच्या विहिरीस शिवू दिले जात नसे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांस २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह जावे लागले. ज्यांस पाणी नाकारले गेले, त्यांच्या लेकरांनी मंदिराच्या विहिरीवर येणाऱ्यास जात वा धर्म विचारू नये. त्याची घागर आधी भरू द्यावी. स्वतः प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले होते.

मंदिराचे अंगण पिवळे दिसले, तर आम्हांस त्याची लाज वाटू नये. अंगण हिरवे राहिले आणि शेजारीण रिकामी घागर घेऊन परतली, तर मात्र त्या दिवशी आमच्या प्रार्थनेस तोंड कोठे राहील?