स्पॅनिश येते म्हणजे नक्की काय येतं?

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये स्पॅनिश पायरी-पायरीने शिकवतात. स्पॅनिश 1, स्पॅनिश 2, स्पॅनिश 3 आणि सगळ्यात वर एपी स्पॅनिश. वर्षाला एक पायरी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात प्रवेश हवा असेल, तर इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेची किमान 2 वर्षं लागतात, 3 असली तर उत्तम. त्यामुळे बहुतेक मुलं 'घ्यावी लागते' म्हणून स्पॅनिश घेतात. मी चौदाव्या वर्षी नाशिकहून सॅन होजेला आले, तीही घेतली आणि चारही पायऱ्या चढले.

त्या चार वर्षांनी मला भाषा दिली आणि सोबत एक प्रश्नही. एकच भाषा एकीच्या तोंडी गुणवत्ता आणि दुसरीच्या तोंडी उणीव कशी ठरते? आणि तशी ठरत असेल, तर जिच्या पदरात गुणवत्ता पडली, ती कुणाचं काही देणं लागते का?

आधी पायऱ्यांबद्दल. स्पॅनिश 1 मध्ये वर्तमानकाळ, घरातली माणसं, जेवणखाण, घड्याळ. इथे इंग्रजी बोलणारी मुलं पहिल्यांदा अडखळतात ती 'मे गुस्ता'पाशी. इंग्रजीत आवडण्याचा कर्ता 'मी' असतो. स्पॅनिशमध्ये पुस्तक मला आवडतं. वर्ग डोकं धरून बसायचा आणि मला कळायचं नाही की यात अवघड काय आहे. आपण 'मला आवडतं' असंच तर म्हणतो. तू आणि तुम्ही हा भेदही आपल्या ओळखीचा. स्पॅनिशमधला 'तू' तर उच्चारालाही तूच, आणि मान द्यायचा तर 'ऊस्तेद'. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच, म्हणजे तिथेही स्वस्तात सुटका.

स्पॅनिश 2 मध्ये दोन भूतकाळ येतात. एक घडून संपलेल्या गोष्टीचा, दुसरा घडत राहायच्या गोष्टीचा. 'मी गेले' आणि 'मी जायचे'. स्पॅनिश 3 मध्ये येतं ते क्रियापदाचं असं रूप, जे जे आहे ते सांगत नाही, जे व्हावं ते सांगतं. तू यावंस. पाऊस पडावा. इथे 'ओहाला' हा शब्द भेटतो, म्हणजे 'तसं होवो'. तो अरबीतून आलेला, मुळात ईश्वराच्या इच्छेचा. आयबेरियात मुस्लिम सत्ता जवळजवळ आठ शतकं होती, 1492 मध्ये ती संपली, पण हा शब्द काही गेला नाही.

थोडक्यात, माझी अर्धी स्पॅनिश नाशिकच्या स्वयंपाकघरात तयार झालेली होती. शाळेने तिला माझी हुशारी म्हटलं.

मग एपी. मे महिन्यात परीक्षा, 1 ते 5 गुण, 3 किंवा त्याहून जास्त मिळाले की बऱ्याच कॉलेजांत त्याचे क्रेडिट धरतात. मी दिली तेव्हा त्यात एक संभाषण होतं. हेडफोनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज काहीतरी विचारतो, तुम्हाला उत्तराला 20 सेकंद मिळतात, मग तो पुढचं बोलतो. तुम्ही काहीही म्हणा, त्याचं पुढचं वाक्य आधीच ठरलेलं. इतक्या मुलांना एकाच मापाने मोजायचं तर दुसरं काय करणार, हे मला समजतं. पण ज्या संभाषणात ऐकणारं कुणीच नाही, त्यावरून माझी भाषा ठरली, हेही खरं.

*

आता दुसरी मुलगी. स्पॅनिश 2 मध्ये माझ्या शेजारच्या बाकावर होती. आईवडील मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातले. नऊ वर्षांची असल्यापासून ती दवाखान्यात आईसाठी दुभाषाचं काम करायची. डॉक्टर इंग्रजीत बोलणार, ही आईला स्पॅनिशमध्ये सांगणार, आई जे सांगायला लाजेल ते हीच इंग्रजीत सांगणार. बँक, घरमालक, शाळेची पत्रं, सगळं तिच्याकडे.

वर्गात तिला माझ्यापेक्षा कमी गुण पडायचे. ती ट्रकला 'त्रोका' म्हणायची, पुस्तकात 'कामियोनेता' होतं. ती 'आइगा' म्हणायची, पुस्तकात 'आया' होतं. स्वरांवरची चिन्हं ती गाळायची, कारण त्या भाषेत तिने आयुष्यात फारसं लिहिलेलंच नव्हतं. गंमत अशी की 'आइगा'सारखी रूपं काही आळसातून आलेली नाहीत. ती जुन्या स्पॅनिशची आहेत, खेड्यापाड्यांत टिकून राहिलेली. 'त्रुहे' या आज गावंढळ ठरलेल्या रूपासाठी मुलांचे गुण जातात, ते तर खुद्द सर्व्हांतेसच्या 'दोन किहोते'मध्ये सापडतं.

हे तुम्हाला ओळखीचं वाटत असेल. नाशिकच्या माझ्या शाळेत बागलाणातून आलेली मुलं होती. घरी अहिराणी बोलायची आणि वर्गात 'पानी' म्हटलं की मागून हसू यायचं. त्यांच्या दोन भाषांची बेरीज कुणी केली नाही. एका भाषेतून गुण तेवढे वजा केले.

याच्या दुसऱ्या बाजूलाही दम आहे, आणि ती बाजू मला त्या मुलीनेच सांगितली. ती म्हणाली, "मला 'त्रोका' येतंच, ते शिकायला मी इथे बसत नाही. मला अर्ज लिहिता आला पाहिजे." प्रमाण भाषा ही चावी आहे आणि ती गरिबाच्या मुलाला नाकारणं हा दयाळूपणा नव्हे. शाळेने प्रमाण रूप शिकवावं यात काहीच गैर नाही. प्रश्न शिकवण्याचा नाही, शिकवताना आधीच्या भाषेला काय म्हटलं जातं त्याचा आहे. 'लिहिताना असं लिहितात' हे एक वाक्य आणि 'तुझी स्पॅनिश चुकीची आहे' हे दुसरं. पहिल्याने मुलीच्या हाती एक भाषा जास्त येते. दुसऱ्याने होती तीही तिला लपवावीशी वाटते.

*

लपवण्याला तिथे इतिहास आहे. टेक्ससमधल्या मार्फा गावात ब्लॅकवेल स्कूल नावाची शाळा होती, मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी ठेवलेली. 1954 मध्ये तिथे मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या एका पेटीत घातल्या आणि झेंड्याच्या खांबापाशी पेटी पुरली. 'मिस्टर स्पॅनिश'चा तो अंत्यविधी होता. आज ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

कॅलिफोर्नियाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. हा मुलूख 1848 च्या तहाने मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. 1849 च्या राज्यघटनेत कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत छापायचे असं ठरलं होतं. 1879 च्या नव्या घटनेने ते काढून टाकलं. माझं गाव सॅन होजे 1777 मध्ये स्पॅनिश वसाहत म्हणून वसलं. म्हणजे ज्या गावाचं नावच स्पॅनिश, तिथे मी ती भाषा 'परकी' म्हणून शिकले.

याहून बोलकी जोडी पुढे आहे. 1998 मध्ये मतदारांनी प्रस्ताव 227 मंजूर केला. ज्या मुलांना इंग्रजी येत नाही त्यांना जवळजवळ सगळं इंग्रजीतूनच शिकवायचं, पालकांनी खास मागितली तरच सूट. तो 2016 मध्ये मागे घेतला गेला. पण तो लागू असतानाच, 2011 मध्ये, त्याच राज्याने देशात पहिल्यांदा डिप्लोमावर द्विभाषिकतेची शासकीय मोहोर द्यायचा कायदा केला. एपीत 3 पडले की तो एक रस्ता खुला होतो. म्हणजे काही वर्षं अशी होती की स्पॅनिश घरून आणलेल्या सहा वर्षांच्या मुलाला शाळा म्हणायची, ती दाराबाहेर ठेव. आणि ती दारातून नव्याने आत आणणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला मोहोर मिळायची. मोहोर अर्थात दोघांनाही मिळू शकते. फक्त एकाकडे तोवर काही शिल्लक राहायला हवं.

*

कुणी म्हणेल, गुण कष्टाचे असतात. तू क्रियापदं घोकलीस, तिला भाषा जन्माने मिळाली. नशिबाला कशाला बक्षीस द्यायचं? मला हा युक्तिवाद बराच काळ पटत होता. पण तो दोन ठिकाणी फाटतो. एक, नशीब माझ्याकडेही होतं, 'मला आवडतं' आणि 'मी जायचे' मी घोकलं नव्हतं. दोन, कष्ट तिनेही केले होते. नऊ वर्षांच्या मुलीने आईच्या गाठीबद्दल डॉक्टरांचं म्हणणं आईला सांगणं, तेही चेहरा न बदलता, याला कष्टच म्हणतात. तिच्या कष्टाला वेळापत्रक नव्हतं, म्हणून गुणही नव्हते.

मग मी ही भाषा शिकायलाच नको होती का? तसं मला वाटत नाही. भाषा वाटल्याने कमी होत नाही. उलट बाहेरच्या कुणी शिकलंच नाही, तर दुभाषाचं सगळं ओझं त्या मुलांच्याच डोक्यावर राहील. डॉक्टरला स्पॅनिश आली असती, तर ती मुलगी त्या खोलीत फक्त मुलगी असती. म्हणून शिकणं चांगलंच. पण शिकल्यानंतरचं देणं तिथेच सुरू होतं.

ते देणं काय, हे मला आईमुळे नीट कळलं. 2018 मध्ये मोंटाना राज्यातल्या हाव्हर गावात दोन अमेरिकन नागरिक बायकांना सीमा गस्तीच्या अधिकाऱ्याने पेट्रोल पंपावरच्या दुकानात अडवलं. कारण विचारल्यावर तो कॅमेऱ्यासमोर म्हणाला, तुम्ही स्पॅनिश बोलताना ऐकलं म्हणून. 2025 च्या सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाचा मनाई हुकूम स्थगित केला. फक्त वंश, कामाची जागा, स्पॅनिश बोलणं किंवा हेल काढून इंग्रजी बोलणं एवढ्यावरून लोकांना अडवू नये, असा तो हुकूम होता. ती बातमी वाचून आई म्हणाली, "बाहेर स्पॅनिश बोलू नकोस गं. आणि ग्रीन कार्ड पर्समध्ये ठेव."

आईचं चूक नाही. माझा रंग गव्हाळ, केस काळे. दुकानात कितीदा लोक माझ्याशी थेट स्पॅनिशमध्येच बोलायला लागतात. एपीचे गुण कपाळावर लिहिलेले नसतात. पण तिचं वाक्य ऐकताना मला जाणवलं की मिचोआकानच्या कितीतरी आया हेच वाक्य आपल्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. चार पायऱ्यांमध्ये मी व्याकरण शिकले, साहित्य शिकले, पण या भाषेची किंमत मोजावी लागते हे कुठल्याच पायरीवर नव्हतं. ज्यांची ती घरची भाषा आहे, त्यांना ते सगळ्यात आधी शिकावं लागतं.

तेव्हा माझ्यापुरतं उत्तर असं. भाषेचा फायदा घ्यायचा आणि तोटा त्यांच्यासाठी सोडायचा, हे मला जमणार नाही. धाडस म्हणून कुणी रस्त्यावर मोठ्याने बोलावं असं मी म्हणत नाही, आणि ज्यांना एका चुकीच्या दिवशी देश सोडावा लागू शकतो त्यांनी तर मुळीच नाही. पण ज्यांच्या पर्समध्ये कार्ड आहे, ज्यांच्या डिप्लोमावर मोहोर आहे, त्यांनी आवाज खाली करू नये. रांगेत पुढच्या आजींना फॉर्म कळत नसेल, तर ऊस्तेद म्हणून विचारावं. त्यांनी 'आइगा' म्हटलं, तर ते सुधारायला जाऊ नये.

मराठीत आपण 'मला भाषा येते' म्हणतो, जणू ती स्वतःहून चालत येते. आली तर तिच्यासोबत तिची माणसंही येतात, आणि त्यांच्या अडचणीही. परवा फार्मसीच्या रांगेत एका बाईंनी मला औषधाच्या डब्या दाखवून विचारलं, जेवणाआधी की नंतर? मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. पर्समध्ये कार्ड होतं. आवाज नेहमीसारखाच होता.