दिले की टाकले?



कोयना प्रकल्पाच्या आपल्या अलोरे वसाहतीला बदल्या नव्या नाहीत. सामान टेम्पोत चढते, क्वार्टरला कुलूप लागते. कधी कधी कुत्रा मात्र पायरीवरच राहतो. परवा एका कुटुंबाने विचारले, ‘‘फादर, आमचा मोती प्राणिमित्र संस्थेला दिला तर पाप लागेल का?’’

टाकणे वेगळे, सोपवणे वेगळे. सबळ कारणाशिवाय जनावर उपाशी-तहानलेले राहील असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. सोपवताना मात्र आपण त्याच्यासाठी दुसरा विश्वासू हात शोधतो. म्हणून आधी शेजारी, नातेवाईक यांना विचारावे. अशा संस्थेतील जागा जखमी, बेवारस जनावरांनाही हवी असते. संस्थेकडे जागा आहे का, हे विचारूनच जावे. लस, आजार, खोडी सारे खरे सांगावे. ‘चावतो’ हे लपवले, तर उद्या नव्या घरातले लेकरू रडेल आणि मोती पुन्हा बेघर होईल.

जनावरांशी निर्दयपणे वागण्याची सवय माणसांपर्यंत पोचते, असा इशारा संत थॉमस अक्वायनस यांनी दिला होता. मला त्यापुढे एवढेच वाटते: कुत्र्याला बदलीचा हुकूम वाचता येत नाही. तो आपल्याला जाब विचारणार नाही. म्हणूनच तो आपण स्वतःला विचारायचा.

त्या कुटुंबाला मी म्हटले, ‘‘देण्यात पाप नाही. पण देऊन झाल्यावर महिन्याने एक फोन करा.’’

तुमचे फादर