बारीक रेषेतले पेडगाव

संगणकावर 'पेडगाव' हा शब्द पॉपिन्स या टंकाच्या सर्वांत बारीक वजनात लावून, चांगला मोठा करून पाहावा. (म्हणीतले पेडगाव भीमाकाठचे, मी म्हणतो ते परभणीजवळचे, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे.) 'व'चे पोट जवळपास पूर्ण वर्तुळ होते आणि 'प'चा बाकही त्याच घराण्यातला वाटतो. 'ड'ची दोन वळणे मात्र कंपासला जमत नाहीत. तिथे काटेकोर भूमिती सोडून नजरेवर विसंबावे लागते आणि टंककाराचा कस तिथेच लागतो.

जर्मनीत पॉल रेनरने १९२७मध्ये 'फ्यूचरा' आणला तेव्हापासून रोमन लिपीत वर्तुळ-रेषांच्या या घडणीची परंपरा रुजली. देवनागरीला ती अनेक वजनांत मिळाली २०१४च्या सुमारास, इंडियन टाइप फाउंड्रीच्या पॉपिन्समधून. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. आपले अक्षर बोरूच्या तिरक्या कापातून घडलेले. जाड-बारीकपणा त्याच्या अंगात मुरलेला. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनीही तो जपला. पॉपिन्समध्ये तो जवळजवळ पुसला जातो. शिरोरेषा आणि उभा दंड एकाच जाडीचे होतात, आणि अलंकार उतरवलेले अक्षर आपल्या मूळ बांध्यानिशी समोर येते. मला हे फार सुंदर वाटते. बोरूशिवायही 'ग' हा 'ग'च राहतो, हे कळायला असा टंक हवाच होता.

पण ही रेषा मोठ्या आकारात, दोन-चार शब्दांतच शोभते: पुस्तकाचे मुखपृष्ठ, लग्नपत्रिकेवरची नावे, प्रदर्शनाचा फलक. कीटकनाशकाच्या घडीपत्रकावर, औषधाच्या वेष्टनावर किंवा झेरॉक्स काढायच्या अर्जावर ती वापरणे मला गैर वाटते. छपाईत आधी तुटते ती मात्रा, मग अनुस्वार आणि रफार. मात्रा गेली की पेडगावचे 'पडगाव' होते. औषधाचे प्रमाण सांगणाऱ्या ओळीत असे काही झाले तर पिकाचे नुकसान. भर उन्हात बांधावर मोबाइल धरलेल्या माणसाला पांढऱ्यावरची बारीक करडी अक्षरे दिसतच नाहीत. उलट रेल्वे स्थानकावरच्या पिवळ्या पाटीची जाड काळी अक्षरे धावत्या गाडीतूनही वाचता येतात.

पॉपिन्समध्येच मध्यम वजन आहे. ग्रामपंचायतीने गावाचे नाव हवे तर बारीक रेषेत मोठे लावावे. त्याखालची पाणीपट्टीची सूचना मात्र मध्यम वजनात, काळ्या शाईत आणि ऐसपैस ओळींत असावी.