न ऐकलेली साक्ष

1806 साली रिचमंडमध्ये जॉर्ज विथ यांच्यावर विषप्रयोग झाला, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते आणि व्हर्जिनियात त्यांच्याइतका मान फार थोड्यांना होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही. 1777 मध्ये राज्याच्या विधानसभेचे सभापती, पुढल्या वर्षी चान्सरी न्यायालयाचे न्यायाधीश, त्यानंतर विल्यम अँड मेरी कॉलेजात कायद्याचे प्राध्यापक. थॉमस जेफरसन त्यांच्या हाताखाली तयार झाले. चरित्राला एवढी सामग्री पुरते. पण हा माणूस मला कळतो तो त्यांच्या मृत्यूनंतर चाललेल्या खटल्यातून.

त्यांच्या घरात तिघांचा वावर होता. लिडिया ब्रॉडनॅक्स ही पूर्वीची त्यांची गुलाम. 1787 मध्ये त्यांनी तिला मुक्त केले, तरी स्वयंपाक तीच सांभाळी. मायकेल ब्राउन हा मिश्रवर्णी, मुक्त मुलगा. त्याला विथ स्वतः शिकवत. तिसरा बहिणीचा नातू, जॉर्ज स्वीनी. मृत्युपत्रात मायकेलसाठी तरतूद होती आणि तो लहान वयात गेला तर ती स्वीनीकडे जाणार होती. मेच्या अखेरीस लिडिया, मायकेल आणि विथ एकाच सकाळी आजारी पडले. मायकेल 1 जूनला गेला, विथ 8 जूनला. त्याआधी अंथरुणावरूनच त्यांनी मृत्युपत्रातून स्वीनीचे नाव काढून टाकले. लिडिया वाचली. स्वीनीला कॉफीच्या भांड्यापाशी तिने पाहिले होते, असे तिचे म्हणणे होते.

ते न्यायालयात कुणी ऐकले नाही. गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष व्हर्जिनियात ग्राह्यच नव्हती. स्वीनीच्या बचावाला एडमंड रँडॉल्फ आणि विल्यम वर्ट यांच्यासारखे नामांकित वकील उभे राहिले, मृत्यू सोमलानेच झाला असे डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता आले नाही, आणि तो सुटला. लिडिया बोलली असती तरी गोऱ्या ज्युरीने वेगळा निर्णय दिला असता का, याबद्दल मला शंकाच आहे. पण तो प्रश्न ज्युरीपुढे गेलाच नाही.

साक्षीचा हा नियम वसाहतीच्या काळापासूनचा. मात्र स्वातंत्र्यानंतर राज्याचे सगळे कायदे नव्याने लिहायचे ठरले, तेव्हा ते काम जेफरसन, एडमंड पेंडलटन आणि विथ यांच्याकडे आले. 1779 च्या त्यांच्या अहवालात 126 विधेयके होती आणि गुलामांविषयीच्या विधेयकात साक्षीचा तो नियम जसाच्या तसा होता. जेफरसन यांनीच पुढे लिहून ठेवले आहे की ते विधेयक म्हणजे चालू कायद्यांचे नुसते संकलन होते. गुलामांच्या मुक्तीची दुरुस्ती सभागृहात योग्य वेळी मांडायची, असे ठरले होते. ती वेळ आली नाही. विधेयक मात्र 1785 मध्ये मंजूर झाले.

विथ यांना दुटप्पी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही, कारण न्यायासनावर ते खरोखरच वेगळे वागले. जॅकी राइट ही स्त्री आपल्या मुलांसह स्वातंत्र्य मागत त्यांच्यापुढे आली, तेव्हा तिच्या अमेरिकन इंडियन वंशावर निकाल देऊन ते थांबू शकले असते. त्यांनी आणखी एक आधार घेतला: राज्याच्या 1776 च्या हक्कांच्या जाहीरनाम्यानुसार स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे, म्हणून समोरचा माणूस गुलाम आहे हे मालकानेच सिद्ध करावे. एका गुलामगिरीच्या राज्यातला न्यायाधीश हे म्हणत होता. समोर माणूस उभा असला की विथ यांना अन्याय दिसे. कायदे नीटनेटके लावायला बसलेल्या माणसासमोर मात्र कलमांखेरीज कुणी नसते, आणि जुने कलम पुढे उतरवून घेताना आपण काही करतो आहोत असे वाटतही नाही. नवे काही लिहायला धाडस लागते, त्यावर वाद होतात. जुने तसेच ठेवायला कुणी कारणसुद्धा विचारत नाही. म्हणून अशा कामाची जबाबदारी मला जास्त मोठी वाटते.

राइट खटल्यातल्या त्या निकालावरचे अपील विथ गेल्यानंतर, त्याच वर्षी ठरले. सेंट जॉर्ज टकर हे अपील न्यायालयात होते: विथ यांचे विद्यार्थी, कॉलेजातल्या त्यांच्या खुर्चीवर पुढे बसलेले, गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवावी असे पुस्तक 1796 मध्ये लिहिलेले. राइट कुटुंब मुक्त राहिले. पण जन्मसिद्ध हक्काचा आधार काळ्या माणसांना लागू नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि टकर त्याला सहमत होते.

1807 मध्ये, दृष्टी मंदावलेल्या लिडियाने जेफरसन यांना पत्र लिहून मदत मागितली. ते तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी तिला पन्नास डॉलर द्यायला सांगितले.