अर्ज करावा की वाट पाहावी?

मशिदीतले इमामसाहेब कधी गावाला गेले, तर नमाजच्या वेळी पहिल्या सफीत काय घडते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. इकामत व्हायची असते आणि माणसे एकमेकांना पुढे ढकलत असतात. "तुम्ही व्हा पुढे." "छे छे, तुम्ही वडील." ज्याला कुरआन चांगले पढता येते तोच मागे सरकतो, आणि ज्याचा हात जास्त ओढला गेला तो मुसल्ल्यावर उभा राहतो. या ढकलाढकलीत अदब आहे, हे खरे. पण अलीकडे आम्हाला तिच्यात आणखीही काही दिसू लागले आहे.

रत्नागिरीत आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी गेल्या पावसाळ्यात कागद घेऊन आमच्याकडे आली. समाजकार्याची पदवी घेतलेली. एका राजकीय संघटनेला तालुक्यासाठी पूर्णवेळ संघटक नेमायचा होता. थोडे मानधन होते, मुदत होती, छापील अर्ज होता. गावोगाव बैठका घेणे, लोकांना ग्रामसभेला आणणे, मतदारयादीत नावे घालून घेणे, नवे कार्यकर्ते तयार करणे असे काम. अर्जात एक प्रश्न होता: नेतृत्वासाठी आपण स्वतःला पात्र का समजता? तिथे तिचे पेन अडले होते.

"चाचा, अब्बा म्हणतात पद मागायचं नसतं, हदीस आहे. मग हे मी लिहू कसं?"

तिचे अब्बा चुकत नव्हते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना सत्तापद मागू नये असे बजावले होते. मागून मिळाले तर माणूस त्या ओझ्याखाली एकटा पडतो, न मागता मिळाले तर त्याला मदत होते, असा त्या उपदेशाचा आशय आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी पदाची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा त्यांनाही सांगितले गेले की, तुम्ही यासाठी दुर्बळ आहात, ही अमानत आहे आणि जो तिचा हक्क अदा करणार नाही त्याला कियामतच्या दिवशी पस्तावावे लागेल. अबू जर यांच्या साधेपणाबद्दल आणि सचोटीबद्दल कोणाला शंका नव्हती. तरीही त्यांना थांबवले गेले. म्हणजे नुसता चांगुलपणा ही पात्रता नव्हे.

पण त्याच परंपरेत हजरत यूसुफ (अलै.) यांचाही किस्सा आहे. सुकाळाची सात वर्षे जातील आणि दुष्काळाची सात येतील हे त्यांना कळले होते. त्यांनी मिसरच्या बादशहाला स्वतःहून सांगितले की, धान्याची कोठारे माझ्या हाती द्या. आणि स्वतःच्या दोनच गोष्टी पुढे ठेवल्या: मी राखण करू शकतो आणि मला यातले ज्ञान आहे. घराणे सांगितले नाही, तुरुंगात भोगलेला अन्यायही सांगितला नाही. आम्हाला वाटते, जगातल्या प्रत्येक अर्जाचा हाच नमुना असावा. त्यांनी सिंहासन मागितले नाही, काम मागितले. आणि ते अशा वेळी मागितले की मागे राहिले असते तर लोक उपाशी मेले असते.

मग खरे कोणते? आमचे बुजुर्गही दोन्ही वाटांनी गेले आहेत. इमाम अबू हनीफा यांनी खलीफा मन्सूरने देऊ केलेले काजीपद नाकारले, त्यासाठी कैद सोसली. 767 साली त्यांचे निधन झाले. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ पुढे हारून रशीदचे मुख्य काजी झाले आणि महसुलावर ग्रंथ लिहून रयतेवर जुलूम नको असे त्यांनी खलीफालाच बजावले. गुरूचा नकार आणि शिष्याचा होकार, दोन्ही आम्ही आदराने सांगतो.

इथे आम्हाला आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या मूळ गावी पाण्याच्या प्रश्नासाठी आम्ही दोन वर्षे पायपीट केली होती. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही पडवीत बसून राहिलो. कोणीतरी बोलवायला येईल असे वाटत होते. कोणी आले नाही. जो निवडून आला तो पाच वर्षे आमच्या मोहल्ल्याकडे फिरकला नाही. आम्ही मात्र लोकांना सांगत राहिलो की, आम्हाला खुर्चीची हाव नव्हती. खरी गोष्ट अशी की, पडलो तर लोक हसतील याची आम्हाला भीती होती. त्या भीतीला आम्ही विनयाचा अंगरखा घातला. त्या अंगरख्याची किंमत आम्ही दिली नाही. डोक्यावर हंडे घेऊन घाटी चढणाऱ्या बायांनी दिली.

आणि न मागता मिळणारे पद आज कुठून येते, तेही पाहायला हवे. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली आणि पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात 2011 मध्ये त्या निम्म्या झाल्या. अनेक बाया त्यातून कणखरपणे उभ्या राहिल्या. पण जिथे अर्ज नवऱ्याने भरला, सही तेवढी बायकोने केली आणि बैठकीच्या खुर्चीत नवराच बसला, तिथे त्या बाईने काही मागितले नव्हते. म्हणून ती अमानत शुद्ध झाली काय? पुढाऱ्याने बोलावून दिलेले तालुक्याचे पद घ्या. तेही न मागता मिळते. पण ते घेणारा पुढे लोकांकडे पाहत नाही, देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. त्यापेक्षा चारचौघांसमोर केलेला अर्ज अधिक सरळ नाही का? वशिला दाराआड असतो. अर्जावर नाव आणि सही असते.

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध राजापूर तालुक्यातली गावे उठली, तेव्हा साखरी नाट्याचे मुस्लिम मच्छीमारही त्यात होते. 18 एप्रिल 2011 रोजी पोलिसांच्या गोळीबारात तिथला एक तरुण मच्छीमार मारला गेला. प्रकल्पाबद्दल कोणाचे मत काहीही असो. अशा वेळी अधिकाऱ्यांशी बोलणारे, तरुणांना आवरणारे, मयताच्या घरी बसणारे कोणी तरी लागतेच. "तुम्ही व्हा पुढे" म्हणत थांबायला तेव्हा सवड नसते.

म्हणून आम्ही त्या मुलीला हदीस बाजूला ठेव असे सांगितले नाही. उलट ती नीट धर, म्हणालो. मागून घेतलेल्या पदावर माणूस एकटा पडतो, हा इशारा आहे. ज्याने अर्ज केला त्याला पुढे "मला जबरदस्तीने बसवले" म्हणायची सोय राहत नाही. हिशेब त्यालाच द्यावा लागतो. तेव्हा आधी आपल्या नियतीला दोन प्रश्न विचारावेत. ही जागा दुसऱ्या कोणाला मिळाली तर मी त्याच्या हाताखाली हेच काम करीन काय? आणि माझ्यापेक्षा लायक माणूस समोर आला तर त्याचे नाव मी स्वतः सुचवीन काय? उत्तर डळमळले तर अब्बांचे ऐकावे. उत्तर होय असेल, तर मागे सरकणे हीही अमानतीत खयानतच.

ती रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी आली. त्या प्रश्नाखाली तिने चार ओळी लिहिल्या होत्या: कोणती गावे तिने पायी पाहिली आहेत, किती बायांचे रेशनकार्डाचे अर्ज भरून दिले आहेत, कोणते काम तिला अजून येत नाही. शेवटची ओळ होती, "माझे चुकले तर मला तोंडावर सांगणारी माणसे माझ्या मोहल्ल्यात आहेत."

ही ओळ काढ, अर्जात असले कोणी लिहीत नाही, असे आम्ही म्हणालो. तिने ती काढली नाही. ती गेल्यावर आम्हाला हजरत अबू बक्र (रजि.) आठवले. खलीफा झाल्यावर त्यांनी पहिल्याच भाषणात लोकांना हेच सांगितले होते, की मी वाकडा गेलो तर मला सरळ करा.